कर्झन, किचनर आणि फाईलवरचा दुसरा शेरा : लष्कर खात्याच्या दप्तराची गोष्ट

दप्तरदार:

कर्झन म्हटलं की आपल्याला बंगालची फाळणी आठवते, शाळेच्या पुस्तकात तेवढंच होतं. पण हा माणूस ज्या भांडणात हरला आणि व्हाइसरॉयपद सोडून घरी गेला ते भांडण बंगालचं नव्हतंच. ते होतं एका सरकारी खात्याचं, मिलिटरी डिपार्टमेंट नावाच्या. लढाया, तोफा, पराक्रम यावर इथे भरपूर धागे आहेत, म्हणून म्हटलं जरा टेबलामागच्या लष्करावर लिहू. मला स्वतःला रणांगणापेक्षा दप्तरात जास्त रस आहे, नावावरून कळलंच असेल.

तर सुरुवात १७७६, कलकत्ता. कंपनी सरकारच्या पब्लिक डिपार्टमेंटची एक शाखा म्हणून मिलिटरी डिपार्टमेंट निघालं. काम काय, तर वेगवेगळ्या खात्यांतून फौजेबद्दल जे हुकूम सुटतात ते छाननी करून नोंदवून ठेवायचे आणि फौजेतल्या माणसांची यादी सांभाळायची. म्हणजे शुद्ध कारकुनी. १८३३ च्या चार्टर अ‍ॅक्टनंतर कंपनीच्या सचिवालयाची चार खाती पाडली, त्यात हे एक स्वतंत्र खातं झालं आणि त्याला स्वतःचा सेक्रेटरी मिळाला. तेव्हा बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन वेगळ्या फौजा होत्या. मुंबईचा सरसेनापती वेगळा, तो मुंबई गव्हर्नरच्या कौन्सिलात बसायचा. हे सगळं १ एप्रिल १८९५ ला मोडलं, तिन्ही मिळून एक फौज केली आणि तिच्या चार कमांड पाडल्या, पंजाब, बंगाल, मद्रास, मुंबई. मुंबई कमांडमध्ये सिंध, क्वेट्टा आणि चक्क एडनसुद्धा. पुण्याची सदर्न कमांड आजही आपला वाढदिवस याच तारखेपासून मोजते.

आता खरी गंमत. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लष्कराची दोन माणसं असायची. एक सरसेनापती, म्हणजे फौज चालवणारा, तो जादा सदस्य म्हणून बसायचा. दुसरा मिलिटरी मेंबर, म्हणजे मिलिटरी डिपार्टमेंटचा प्रमुख, याच्याकडे प्रशासन, पुरवठा, पैसा. सरसेनापतीला काही हवं असलं, समजा पलटणी वाढवायच्यात, की त्याच्या हेडक्वार्टर्समधून अ‍ॅडज्युटंट जनरलचं पत्र मिलिटरी डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीला जायचं. तिथे त्यावर टिपणी व्हायची, खर्च किती, गरज आहे का, मागच्या वेळी काय ठरलं होतं. मग मिलिटरी मेंबरचा शेरा, मग फायनान्स, मग व्हाइसरॉय. आणि शेवटी जो हुकूम निघायचा तो 'गव्हर्नर जनरल इन कौन्सिल' च्या नावाने.

नोव्हेंबर १९०२ मध्ये किचनर सरसेनापती होऊन आला. सुदान जिंकलेला, बोअर युद्ध संपवून आलेला, विलायतेत पोरंसुद्धा त्याचं नाव घ्यायची. आणि इथे बघतो तर आपल्या प्रस्तावावर एक मेजर जनरल, तेव्हाचा मिलिटरी मेंबर सर एडमंड एलिस, शेरे मारतोय! हुद्द्याने कितीतरी खाली आणि तरी याच्या कागदावर नाही म्हणू शकतो. किचनरच्या अंगाची लाहीलाही झाली. दुहेरी कारभार बंद करा, लष्कराचा एकच माणूस असू दे आणि तो मी, असा त्याचा धोशा सुरू झाला. मधल्या काळात सिमल्याजवळ संजौलीच्या बोगद्यात घोडा बुजून पाय मोडून घेतला (नोव्हेंबर १९०३), तरी पत्रं लिहिणं काही थांबलं नाही. तिकडे लंडनमध्ये लेडी सॅलिसबरीला खाजगी पत्रं, टाइम्सच्या लष्करी बातमीदाराकडे मसाला, सगळं व्यवस्थित चालू होतं.

कर्झनचं म्हणणं वेगळं होतं. व्हाइसरॉय हा सिव्हिल माणूस, त्याला लष्करातलं कळत नाही. सरसेनापतीचा कागद तपासून सांगणारा दुसरा जाणकार जर सरकारात नसला तर व्हाइसरॉयने कशाच्या जोरावर निर्णय घ्यायचा? १० मार्च १९०५ ला कौन्सिलात हा विषय आला. सगळे सदस्य कर्झनच्या बाजूने, एकटा किचनर दुसरीकडे. पठ्ठ्याने वाद घालायलाच नकार दिला, चार ओळींचं निवेदन वाचलं आणि गप्प बसला. कारण त्याला माहीत होतं की निकाल सिमल्यात लागणार नाहीये, लंडनमध्ये लागणार आहे. आणि तसंच झालं. भारतमंत्री (लंडनच्या मंत्रिमंडळातला हिंदुस्थानचा कारभार बघणारा) ब्रॉडरिकने मेच्या अखेरीस तोडगा पाठवला, मिलिटरी मेंबरऐवजी 'मिलिटरी सप्लाय मेंबर' ठेवा, त्याने कापडचोपड आणि दारूगोळा बघावा, सरसेनापतीच्या कागदावर शेरे मारू नयेत. कर्झनने त्या जागेसाठी जनरल बॅरोचं नाव सुचवलं, तेही लंडनने नाकारलं. ऑगस्ट १९०५ मध्ये राजीनामा.

मार्च १९०६ ला मिलिटरी डिपार्टमेंट बंद, त्याजागी आर्मी डिपार्टमेंट आणि मिलिटरी सप्लाय डिपार्टमेंट अशी दोन. एप्रिल १९०९ ला सप्लायवालं पण गुंडाळलं. म्हणजे उरलं एकच खातं, आणि त्याचा मेंबर म्हणून खुद्द सरसेनापती. आता सरसेनापती पत्र लिहिणार, आणि ते पत्र सरकारतर्फे उघडणार कोण? तोच!

माझं मत सांगतो, मग तुम्ही तुटून पडा. कर्झन घमेंडखोर होता, आपल्या लोकांबद्दल त्याला काडीचं प्रेम नव्हतं, आणि तरी या एका मुद्द्यावर तो बरोबर होता. फौजेच्या फाईलवर फौज न चालवणाऱ्या माणसाचा शेरा हवाच. त्या शेऱ्याची जागा कोणाकडे, हाच या खात्याचा अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

---

रेवा_म:

मस्तच, वाचतेय. एक शंका. तो एलिस पण शेवटी लष्करातलाच ना? मग 'सिव्हिल' अंकुश म्हणायचा कसा? लष्करावर लष्कराचाच माणूस!

---

दप्तरदार:

रेवाताई, नेमका प्रश्न. हो, गणवेशातलाच माणूस, पण त्या पदावर असताना त्याच्या हाताखाली एकही पलटण नसायची. तो सरकारचा सभासद म्हणून बसायचा, सेनेचा अधिकारी म्हणून नाही. त्याला भाषा कळायची (खेचरं किती लागतात, तंबू किती, रसद कुठून येणार) पण मागणी त्याची स्वतःची नसायची. किचनरला झोंबलं ते हेच, की हुद्दा लहान आणि खुर्ची मोठी.

---

उलटतपासणी:

लेख छान पण कर्झनला जरा जास्तच हार घातलेत. सात वर्षं त्याने कोणाचा शेरा ऐकून घेतला हो? बनारसच्या काँग्रेसला डिसेंबर १९०५ मध्ये गोखल्यांनी अध्यक्षपदावरून त्याच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाशी केली होती. आणि आपल्या लोकांना या भांडणात काय होतं? लष्कराचा खर्च कर्झनच्या वेळीही डोईजडच होता, गोखले बजेटच्या भाषणांत वर्षानुवर्षं तेच सांगत होते. दोन साहेबांची भाऊबंदकी, बाकी काही नाही.

---

सातारी_मिसळ:

भाऊबंदकी म्हणून सोडून देऊ नका, कारण बिल आपल्याकडे आलं. दप्तरदारांनी १९०९ ला गोष्ट थांबवली, पुढची मी सांगतो.

१९१४ ला महायुद्ध लागलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज गेली ती होती सहावी पूना डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ च्या पहिल्याच आठवड्यात आखाताच्या टोकाला फाव इथे तिची पहिली ब्रिगेड उतरली, त्यात ११७ वी मराठा पलटण. पाठोपाठ १०३ आणि ११०. म्हणजे आमच्या सातारा रत्नागिरीची पोरं. बसरा घेतलं, पुढे सरकले, अजून पुढे सरकले, बगदाद दिसायला लागलं साहेबांना. नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला जबर मार बसला, तिथून मागे येऊन कुत अल अमारा इथे कोंडले गेले ते डिसेंबर १९१५ पासून. २९ एप्रिल १९१६ ला या डिव्हिजनचा जनरल टाउनशेंड याने शरणागती दिली, तेरा हजाराच्या आसपास माणसं तुर्कांच्या कैदेत. त्यातली किती परत आली ते वाचू नका, रात्री जेवण जात नाही.

हे सगळं चालवत कोण होतं? सिमल्यातून. सरसेनापती बोशॅम्प डफ, जो आर्मी मेंबर पण होता. एकाच माणसाकडे दोन खुर्च्या, त्यामुळे हा टेबल सोडून हलूच शकत नव्हता, मेसोपोटेमियात एकदाही गेला नाही. नदीवर चालणाऱ्या बोटी पुरेशा नाहीत, दवाखान्याच्या बोटी नाहीत, जखमींना न्यायला बिनस्प्रिंगच्या गाड्या. टेसिफॉनच्या जखमींना घेऊन मेजिदिये नावाची बोट बसऱ्याला आली तेव्हा मेजर कार्टर नावाचा आयएमएसचा (इंडियन मेडिकल सर्व्हिसचा) डॉक्टर धक्क्यावर होता. त्याने चौकशी कमिशनपुढे साक्ष दिली आहे. लांबून त्याला वाटलं बोटीच्या कडेला दोरखंड लोंबतायत, जवळ आल्यावर कळलं ती वाळलेली घाण आहे, हगवणीने बेजार झालेली माणसं डेकवर खच्चून भरलेली होती आणि त्यांना कठड्यापर्यंत सुद्धा जाता येत नव्हतं. हे त्याने लेखी कळवलं तर वरिष्ठांनी त्यालाच दम भरला.

१९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनने स्पष्ट लिहिलं की सरसेनापती आणि मेंबर ही दोन्ही कामं युद्धकाळात एका माणसाला झेपणारी नाहीत. भारतमंत्री चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. किचनर तोपर्यंत समुद्रात बुडून मेला होता, त्याला कोण विचारणार.

---

कोकणातला_नाना:

सातारी, अंगावर काटा आला. आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, या गावातून महायुद्धावर इतके गेले, इतके मेले अशी. लहानपणी तिच्याखाली उभं राहून पाढे म्हणायचो, कधी विचारच केला नाही की ही माणसं गेली कुठे होती.

---

उलटतपासणी:

सातारी, वाईट वाटतंच, पण कुतचं खापर एका खात्याच्या रचनेवर फोडणं मला पटत नाही. बगदादवर जायला ऑक्टोबर १९१५ मध्ये लंडनच्या मंत्रिमंडळाने हिरवा कंदील दाखवला होता, तुर्कस्तानात गॅलिपोलीला नाक कापलं गेलं होतं म्हणून कुठेतरी विजय हवा होता. व्हाइसरॉय हार्डिंग उत्सुक. जागेवरचा जनरल निक्सन तर घोड्यावरच बसलेला. वर फायनान्सवाल्यांनी वर्षानुवर्षं पैसा आवळून धरलेला, मग बोटी येणार कुठून? मिलिटरी मेंबर असता तरी त्याने काय नदीत पाणी वाढवलं असतं?

---

दप्तरदार:

पाणी नसतं वाढवलं, पण "बोटी किती आहेत, रोज किती टन माल वर जातो, आणि बगदादला पोचल्यावर किती लागेल" हे त्याने लेखी विचारलं असतं. तेच तर त्या टेबलाचं काम होतं. निक्सनने बोटी मागितल्या होत्या, सिमल्यात तो कागद फिरत बसला, आणि कोणी विचारलं नाही की मग बोटी येईपर्यंत पुढे जायचंच कशाला. पुढे जायचा उत्साह असलेला माणूस आणि तपासणारा माणूस एकच असला की असंच होतं. लंडन दोषी आहेच, त्याबद्दल वाद नाही.

आणि कमिशनने एवढं सुनावूनही व्यवस्था बदलली नाही बरं का. सरसेनापतीच आर्मी मेंबर हे पुढेही चालूच राहिलं. जानेवारी १९३८ ला आर्मी डिपार्टमेंटचं नाव डिफेन्स डिपार्टमेंट झालं, पाटी बदलली, माणूस तोच.

---

गोलीबार_कट्टा:

पुणेकर असून अजून पैशाकडे कोणीच कसं वळलं नाही :) १९०६ च्या फेरबदलात लष्कराच्या हिशोबाची बाजू फायनान्स डिपार्टमेंटच्या ताब्यात गेली. म्हणजे किचनरने लष्करी शेरा मारणारा हाकलला पण पैशाचा शेरा मारणारा काही हलला नाही. त्याच परंपरेतलं आपलं सीडीए, म्हणजे कंट्रोलर ऑफ डिफेन्स अकाउंट्सचं ऑफिस. आजही सगळ्या आर्मी ऑफिसरांचा पगार पुण्यातून निघतो, गोलीबार मैदानाजवळच्या ऑफिसातून. आमची आई तिथे होती. प्रत्येक ऑफिसरचं एक आयआरएलए खातं (ज्याच्या त्याच्या पगाराची चालू खातेवही), त्यात भत्ता चढव, रिकव्हरी लाव, बदली झाली की बदल. दिवाळीच्या आधी घरी येऊन सांगायची, आज एका ब्रिगेडियरच्या टीए बिलावर ऑब्जेक्शन काढलं. आम्हाला पोरांना भारी वाटायचं, बंदुकीवाल्याला आई अडवते!

---

रेवा_म:

गोलीबार, तुमच्या आईंचा फॅन क्लब काढा, मी पहिली मेंबर. आणि बाय द वे, या सगळ्यात भारतीय माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदा कधी बसला?

---

दप्तरदार:

यातही किस्सा आहे. १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री क्रिप्स बोलणी करायला आला तेव्हा काँग्रेसचा आग्रह होता की संरक्षण भारतीय मंत्र्याकडे द्या. मग सरसेनापतीकडे युद्ध ठेवून भारतीय मंत्र्याला काय देता येईल याची यादी निघाली. यादीत काय असावं? जनसंपर्क, पेट्रोलचा अधिकारी, कँटीन, लष्कराची स्टेशनरी आणि छपाई, परदेशी पाहुण्यांची सरबराई. महायुद्ध ऐन भरात, जपानी ब्रह्मदेशात घुसलेले, आणि आपल्या माणसाने फॉर्म छापायचे. काँग्रेसने अर्थातच हात जोडले, बोलणी फिसकटायला हेही एक कारण. तरी त्याच वर्षी जुलैत खात्याचे दोन तुकडे केलेच, वॉर डिपार्टमेंट सरसेनापतीकडे आणि उरलेलं डिफेन्स डिपार्टमेंट फिरोजखान नून यांच्याकडे. खरी खुर्ची मिळाली ती २ सप्टेंबर १९४६ ला, हंगामी सरकारात, बलदेवसिंगांना.

---

कोकणातला_नाना:

आणि घराचं पण सांगा की! दिल्लीचं तीन मूर्ती भवन, नेहरू राहायचे ते, ते मुळात सरसेनापतीसाठी बांधलेलं. फ्लॅगस्टाफ हाउस. १९४८ मध्ये पंतप्रधान तिथे राहायला गेले. कोणाचं कोणावर वजन हे फाईल न उघडता कळतं.

---

दप्तरदार:

नानांनी सिक्सर मारला. कागदावर मात्र वेळ लागला. ऑगस्ट १९४७ ला खात्याचं मंत्रालय झालं आणि त्याच वेळी तिन्ही दलांचे प्रमुख वेगवेगळे केले. आधी भारतातला सरसेनापती हा नौदल, हवाईदल सगळ्यांच्या डोक्यावर असायचा. १५ जानेवारी १९४९ ला करिअप्पा, लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती. १९५५ ला कायदा करून 'कमांडर इन चीफ' ही पदवीच काढली, राजेंद्रसिंहजी शेवटचे सरसेनापती आणि पहिले लष्करप्रमुख.

---

सातारी_मिसळ:

आणि मग उलटं टोक. किचनरला जे नको होतं त्याच्या दहापट झालं. आर्मी हेडक्वार्टर्स मंत्रालयाच्या बाहेरचं एक संलग्न कार्यालय, आणि जनरलची फाईल अंडर सेक्रेटरीपासून वर चढत जायची. निदान मिलिटरी मेंबरला खेचर म्हणजे काय ते माहीत होतं!

अपवाद यशवंतराव. नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्री झाले ते ऐन पडझडीत. रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख आणि सेक्रेटरी यांना एकत्र बसवून बैठक. फाईल हिंडवत बसायचं नाही, समोरासमोर बोला. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाईदल वापरायची परवानगी त्यांनी दुपारी मागितल्यावर तिथल्या तिथे दिली, संध्याकाळी विमानं उडाली. आमच्या कराडचा माणूस म्हणून नाही सांगत (म्हणूनच सांगतोय).

---

उलटतपासणी:

यशवंतरावांवर वाद नाही, तिथे मी पण हात जोडतो. पण दप्तरदार, आता जे झालंय त्याचं काय? १ जानेवारी २०२० पासून मंत्रालयात डिपार्टमेंट ऑफ मिलिटरी अफेअर्स, त्याचा सेक्रेटरी गणवेशातला, चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ. पहिले बिपिन रावत. तिन्ही दलं या खात्याखाली आली. तुमच्या हिशोबाने किचनर परत आला की!

---

दप्तरदार:

याच प्रश्नाची वाट बघत होतो. माझ्या मते किचनर नाही, एलिस परत आला.

बघा, सीडीएसकडे (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफकडे) लष्करी कमांड नाही. तिन्ही प्रमुखांवर पण नाही, हे सरकारने पद निर्माण करतानाच सांगितलंय. पलटण हलवायचा हुकूम तो देत नाही. तो सरकारात बसलेला, भाषा कळणारा, हाताखाली फौज नसलेला माणूस आहे. मिलिटरी मेंबर याहून वेगळा काय होता? फरक इतकाच की एलिस मेजर जनरल होता, किचनर त्याला खिजगणतीत धरत नव्हता, आणि सीडीएस चार ताऱ्यांचा आहे. कारगिलनंतरच्या मंत्रिगटाने २००१ मध्ये हे पद सुचवलं होतं, आपले पुण्याचे जनरल शेकटकर यांच्या समितीनेही सुचवलं, आणि प्रत्यक्षात यायला २०१९ ची अखेर उजाडली. शिवाय मोठी शस्त्रखरेदी आणि 'देशाचं संरक्षण' हा विषय अजून संरक्षण सचिवाकडेच आहे, म्हणजे पैशाचा शेरा दुसऱ्या टेबलावर. मला ही वाटणी बरी वाटते.

उद्या थिएटर कमांड (एका भागातली तिन्ही दलं एकाच कमांडरखाली) झाल्या आणि त्या सीडीएसच्या हाताखाली दिल्या, तर मात्र मी तुमच्या बाजूला येऊन बसेन.

---

उलटतपासणी:

खुर्ची पुसून ठेवतो. पण एक सांगा, एकच माणूस खात्याचा सेक्रेटरी, प्रमुखांच्या समितीचा कायमचा अध्यक्ष आणि मंत्र्याचा मुख्य लष्करी सल्लागार. तीन टोप्या. डफकडे दोनच होत्या.

---

दप्तरदार:

हा मुद्दा मान्य, यावर माझ्याकडे उत्तर नाही. युद्ध लांबलं तर तीन टोप्या एका डोक्यावर राहतात का ते तेव्हाच दिसेल.

---

कोकणातला_नाना:

अवांतर, माफ करा. सातारींनी ११७ वी मराठा म्हटलं आणि आठवलं, आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ "बसऱ्याला गेले ते गेलेच" असं घरी सांगायचे. पलटणीचा नंबर कोणाला माहीत नाही. कुठे शोधता येईल?

---

दप्तरदार:

नाना, अवांतर कसलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साईटवर जा, देश इराक आणि 'बसरा मेमोरियल' निवडा, रेजिमेंटमध्ये मराठा टाका. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलाय, पण स्पेलिंग साहेबी कानाने लिहिलेलं, त्यामुळे गावाचं नाव चार पाच तऱ्हांनी टाकून बघा. जिल्हा रायगड शोधू नका, तेव्हा कुलाबा होता. सापडलं तर तारीख बघा, एप्रिल १९१६ नंतरची असेल तर बहुतेक कैदेतली. १९२२ नंतर पलटणींचे नंबर बदलले म्हणून जुनेच नंबर वापरा, १०३, ११०, ११७. तिथे नाही मिळालं तर बेळगावला मराठा सेंटरला पत्र टाका. आणि खात्याचे जुने कागद चाळायचे असतील तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, मिलिटरी आणि आर्मी डिपार्टमेंट दोन्ही मिळतात.

---

सातारी_मिसळ:

नाना, गावाचं नाव व्यक्तिगत निरोपाने कळवा, माझ्याकडे रत्नागिरी जिल्ह्याच्या काही नोंदी उतरवलेल्या आहेत, आज रात्री बघतो.